लाइन चालू, तरी शाखा तुटते: भरलेल्या लिंकवरचा बिघाड कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात मुख्य कार्यालय, सांगलीत शाखा. शाखेत २० एमबीपीएसची लीज्ड लाइन (प्रोव्हायडरकडून भाड्यानं घेतलेली स्वतंत्र लाइन) आणि जोडीला बॅकअप म्हणून साधं ब्रॉडबँड. दोन्हीकडे फायरवॉल, मध्ये आयपीसेक टनेल, म्हणजे दोन फायरवॉलमधला एन्क्रिप्ट केलेला मार्ग. शाखेतले सगळे जण रिमोट डेस्कटॉपवरून पुण्याच्या सर्व्हरवर बिलिंग करतात. सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ नंतर सगळ्यांचे सेशन एकदम तुटतात, दीड-दोन मिनिटांत आपोआप जोडले जातात आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. प्रोव्हायडर सांगतो की आमच्याकडून लाइन एकदाही डाउन झालेली नाही. वापराचा ग्राफ ६० टक्क्यांच्या वर गेलेला दिसत नाही. फायरवॉल बदलून झाली, फरक पडला नाही. मग आता लाइन ५० एमबीपीएसची करून घ्यावी का?

आत्ता तरी घेऊ नका. ५० ची लाइनही भरेल. कदाचित दोन महिने उशिरा भरेल, पण त्रास तोच राहील. आणि प्रोव्हायडर बहुतेक खरं बोलतोय.

या वर्णनातले दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात: ‘सगळ्यांचे’ आणि ‘आपोआप’. एखाद्याचंच सेशन तुटत असतं तर त्याचा पीसी, वायफाय, केबल बघायला सांगितलं असतं. सगळ्यांचं एका क्षणी तुटतं आणि कोणी हात न लावता जुळतं, याचा अर्थ वाटेतल्या कुठल्यातरी यंत्रानं ‘पलीकडचा मेला’ असा निर्णय घेतला आणि थोड्या वेळानं तोच निर्णय फिरवला. तार तुटलेली नाही. म्हणून ‘लाइन का तुटते’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘लाइन तुटली असं कोण ठरवतं, आणि कशावरून’ हे शोधा.

असं ठरवणारे तुमच्या जाळ्यात तीन-चार जण तरी असतात. टनेलच्या दोन्ही टोकांवर डेड पीअर डिटेक्शन, म्हणजे डीपीडी असतं. ही पद्धत २००४ च्या आरएफसी ३७०६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचे दस्तऐवज) मांडली गेली. एक टोक दुसऱ्याला ‘आहेस का?’ असं विचारतं, ठराविक वेळा उत्तर आलं नाही की टनेल पाडतं. दुसरा म्हणजे फायरवॉलचा लिंक मॉनिटर. दोन लाइन असलेल्या कार्यालयात तो बहुतेक वेळा चालू असतो. बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग करतो (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघतो), काही पिंग चुकले की ती लाइन बाद ठरवून वाहतूक दुसरीकडे वळवतो. टनेलवर राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याची ओएसपीएफ किंवा बीजीपीसारखी पद्धत, चालत असेल तर त्याचा होल्ड टायमर हा तिसरा. ओएसपीएफमध्ये साधारणपणे दर १० सेकंदांनी हॅलो जातो आणि ४० सेकंद काही आलं नाही की शेजारी मेला असं धरतात. बीजीपीत बऱ्याच राउटरवर हेच आकडे ६० आणि १८० असतात. चौथा म्हणजे ॲप्लिकेशनचा स्वतःचा टाइमआउट.

या सगळ्यांची पद्धत एकच: छोटंसं पॅकेट पाठवायचं आणि उत्तराची वाट पाहायची. ते छोटं पॅकेट जातं मात्र त्याच रांगेतून, ज्या रांगेत कोणाच्या तरी गुगल ड्राइव्हचं अपलोड उभं आहे. घाटात ट्रॅफिक जॅम झाला की रुग्णवाहिकाही ट्रकांच्या मागेच अडकते, तसं हे होतं.

रांग किती लांब होऊ शकते याचा हिशेब करून पाहा. मोडेममध्ये किंवा प्रोव्हायडरच्या डब्यात १ मेगाबाइटचा बफर (पॅकेट थांबवून ठेवायची जागा) आहे आणि अपलोड २ एमबीपीएसचं आहे असं धरा. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. तो बफर भरलेला असेल तर त्याच्या शेपटाला उभ्या राहिलेल्या पॅकेटला बाहेर पडायला ४ सेकंद लागतात. एरवी १० मिलिसेकंदांत येणारं उत्तर ४ सेकंदांनी येतं. बफर पूर्ण भरला की नवीन येणारं पॅकेट सरळ टाकून दिलं जातं. टाकताना ते ड्राइव्हचं आहे की डीपीडीचं, हे तो डबा बघत नाही.

हा रोग जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या जेमतेम ४०० यार्डांच्या लिंकवर वेग ३२ केबीपीएसवरून ४० बिट प्रति सेकंदावर घसरला होता. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले उपाय आजही टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या मुख्य पद्धतीचा, कणा आहेत: पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्यानं वेग कमी करायचा. अडचण अशी झाली की पुढे मेमरी स्वस्त झाली, डब्यांमधले बफर मोठे होत गेले, पॅकेट हरवायच्या आधीच रांग काही सेकंदांची होऊ लागली आणि पाठवणाऱ्याला ‘हळू’ असा निरोप वेळेवर मिळेनासा झाला. यालाच बफरब्लोट म्हणतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनीच त्यावर कोडेल हा रांग लहान ठेवणारा उपाय मांडला. त्याचंच पुढचं रूप म्हणजे एफक्यू-कोडेल, ते २०१८ च्या आरएफसी ८२९० मध्ये आहे. हे सांगतोय कारण तुमच्या फायरवॉलमध्ये ते असू शकतं, फक्त कोणी चालू केलेलं नसेल.

आता तुमच्या केसमध्ये काय होत असावं ते क्रमानं मांडतो. ११ वाजता लीज्ड लाइन भरते. लिंक मॉनिटरचे पिंग रांगेत अडकतात किंवा गळतात. काही फायरवॉलमध्ये ही तपासणी अर्ध्या सेकंदाला एक आणि सलग ५ चुकल्या की लाइन बाद, अशी असते. म्हणजे अडीच सेकंदांची गर्दीसुद्धा पुरते. लाइन बाद ठरली की वाहतूक ब्रॉडबँडवर जाते. शाखेचा बाहेरचा आयपी बदलतो, टनेल नव्यानं बांधावं लागतं, पुण्याची फायरवॉल मात्र जुन्या टनेलचा जीव गेला याची खात्री होईपर्यंत थांबते. हीच ती दीड-दोन मिनिटं. तोवर लीज्ड लाइन मोकळी झालेली असते, कारण तिच्यावर आता कोणीच नाही. तपासणी पास होते, फायरवॉल सगळ्यांना परत लीज्ड लाइनवर आणते, सेशन पुन्हा तुटतात, लाइन पुन्हा भरते. बॅकअप लाइन घेतल्यापासून तुटणं वाढलं असेल तर मी याच कारणावर बोट ठेवीन.

पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, पुरावा गोळा करा. पहिलं काम दोन्ही फायरवॉल, सर्व्हर आणि शाखेतला एक पीसी यांची घड्याळं एनटीपीनं जुळवणं. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि सगळे ते टाळतात. पण दोन टोकांच्या लॉगमध्ये ४० सेकंदांचा फरक असेल तर आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे कधीच कळणार नाही, आणि इथे सगळा प्रश्न ‘आधी काय’ हाच आहे. मग एका तुटण्याच्या वेळेभोवतीची पाच मिनिटं दोन्ही लॉगमधून शेजारी शेजारी ठेवा. आधी लिंक मॉनिटरची ओळ आहे आणि मग टनेलची? की मॉनिटर गप्प आहे आणि डीपीडीची ओळ पहिली आहे? की दोन्ही नाहीत आणि थेट इंटरफेस डाउन झाल्याची नोंद आहे? तिसरा प्रकार असेल तर मात्र केबल, मीडिया कन्व्हर्टर, शाखेतला इन्व्हर्टर इथपासून सुरुवात करायची आणि प्रोव्हायडरशी भांडायचंही.

सोबत शाखेतल्या एका पीसीवरून चार पिंग वेळेच्या नोंदीसह दिवसभर चालू ठेवा: एक शाखेच्या फायरवॉलच्या आतल्या पत्त्याला, दुसरा प्रोव्हायडरच्या गेटवेला, तिसरा पुण्याच्या फायरवॉलच्या बाहेरच्या पत्त्याला, चौथा टनेलमधून पुण्याच्या सर्व्हरला. पहिलाच लांबला तर दोष शाखेच्या आतच आहे. पहिला ठीक, बाकीचे सगळे लांबले, तर गर्दी शाखेच्या लाइनवर आहे. दुसरा ठीक आणि तिसरा खराब, तर पुढचं जाळं किंवा पुण्याची लाइन. पहिले तीन ठीक आणि फक्त चौथा मेला, तर टनेलचा दोष आहे आणि लाइनचा विषय संपला. एक सावधगिरी: प्रोव्हायडरचे राउटर स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणं कमी महत्त्वाचं मानतात. मधल्या टप्प्यावर गळती दिसली पण त्याच्या पुढच्या टप्प्यांवर नाही, तर ती गळती खरी नाही.

गळण्याआधी वेळ कशी वाढत गेली ते नीट पाहा. १० मिलिसेकंद, मग ८०, ३००, ९०० आणि मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, असा चढ दिसला की रांग भरली होती. १०, १०, १० आणि थेट शांतता, असं असेल तर तार किंवा टनेल गेलं. दिवसभराच्या मोजमापातून एवढी एकच गोष्ट उचलायची असेल तर मी हीच उचलीन.

६० टक्क्यांच्या ग्राफवर विश्वास ठेवू नका. तो बहुतेक ५ मिनिटांची सरासरी दाखवतो. लाइन ४० सेकंद काठोकाठ भरली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर त्या ग्राफवर १३ टक्के दिसतात. त्या ४० सेकंदांत मात्र तुमची सगळी शाखा तुटून झालेली असते. नोंदीचा काळ कमी करा, यंत्र परवानगी देत असेल तर १० सेकंदांवर आणा, आणि अपलोड-डाउनलोड वेगळे पाहा. अपलोडकडे फारसं कोणी बघत नाही, पण शाखांमध्ये बहुतेक वेळा तेच भरलेलं असतं.

लगेच खात्री हवी असेल तर संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर मुद्दाम लाइन भरा. आयपर्फसारख्या साधनानं शाखेकडून पुण्याकडे पाच मिनिटं जितकं जाईल तितकं पाठवा, पिंग चालू ठेवा, लॉग उघडा ठेवा. मग उलट दिशेनं करा. रिकाम्या इमारतीत टनेल पडलं की दुसऱ्या दिवशी कोणाशी वाद घालावा लागत नाही.

आता उपाय. एमबीपीएस वाढवण्याआधी रांग आपल्या ताब्यात घ्यायची. तुमच्या फायरवॉलचा पोर्ट प्रोव्हायडरच्या डब्याला १०० किंवा १००० एमबीपीएसनं जोडलेला आहे. लाइन २० ची आहे हे फायरवॉलला ठाऊकच नाही. ती १०० नं ओतत राहते, रांग पुढे प्रोव्हायडरच्या डब्यात लागते आणि तिथे कोणाला पुढे सोडायचं हे तुमच्या हातात नसतं. म्हणून फायरवॉलवर बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला शेपर (वेग ठराविक मर्यादेत ठेवणारी सोय) लावा आणि तो लाइनच्या वेगापेक्षा थोडा खाली ठेवा. २० च्या लाइनला १८ पासून सुरुवात करा. दोन एमबीपीएस वाया गेल्यासारखे वाटतील, पण त्या बदल्यात रांग तुमच्या फायरवॉलमध्ये येते. शेपर एन्क्रिप्शनच्या आधीचे बाइट मोजत असेल तर आणखी खाली यावं लागेल, कारण आयपीसेक प्रत्येक पॅकेटला पन्नास-साठ बाइट जोडतं आणि रिमोट डेस्कटॉपची पॅकेट छोटी असतात, त्यामुळे तिथे ही भर प्रमाणानं मोठी पडते.

रांग हातात आली की क्रम लावता येतो. डीपीडी, आयकेई (टनेल बांधताना दोन टोकांमध्ये होणारी बोलणी), राउटिंगचे हॅलो आणि लिंक मॉनिटरचे पिंग सगळ्यात पुढे. यांना क्षुल्लक बँडविड्थ लागते, तेव्हा द्यायला कचरू नका. त्यामागे रिमोट डेस्कटॉप आणि आवाज. बाकीचं सगळं एफक्यू-कोडेलच्या हवाली करा. मी दहा-बारा वर्ग पाडलेली धोरणंही पाहिली आहेत. कागदावर ती छान दिसतात, सहा महिन्यांनी त्यांचा अर्थ कोणालाच लागत नाही. तीन वर्ग पुरतात.

येणाऱ्या दिशेचं काय, हा प्रश्न उरतो. टनेलमधून सांगलीकडे जाणारा माल, म्हणजे डेटा, पुण्याच्या फायरवॉलवर शेप करा, पुण्याची १०० ची लाइन सांगलीच्या २० वर आदळू देऊ नका. शाखेत थेट इंटरनेटवरून येणारा माल तुम्ही पाठवत नाही, त्यामुळे तिथे शाखेच्या फायरवॉलवर इनग्रेस शेपिंग, म्हणजे आत येणाऱ्या वाहतुकीवरचं शेपिंग, लावावं लागतं. ते अचूक नसतं, पण टीसीपीला वेळेवर पॅकेट गळालेलं दिसतं आणि पाठवणारा हळू होतो. तेवढं पुरतं.

लिंक मॉनिटर बदलायलाच हवा. एकाऐवजी दोन पत्ते द्या, दोन्ही चुकले तरच लाइन बाद. तपासणी २-३ सेकंदांनी एक, सलग ८-१० चुकल्या तर निर्णय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत येण्याला उशीर लावा: मूळ लाइन सलग १० मिनिटं ठीक राहिली तरच परतायचं. शक्य असेल तर दोन्ही लाइनवर दोन टनेल कायम उभी ठेवा, म्हणजे बदल झाला तरी नव्यानं बांधणी होत नाही. डीपीडीत पर्याय असेल तर ठराविक वेळानं विचारणाऱ्याऐवजी ऑन-डिमांड पद्धत निवडा. पलीकडून माल येत असेल तर पलीकडचा जिवंत आहे हे उघड असतं, वेगळं विचारायची गरज पडत नाही. टायमर लांबवणं ही मात्र वेदनाशामक गोळी आहे, शेपर लावल्याशिवाय नुसती घेऊ नका. टनेल पडणार नाही, पण बिलिंगचा स्क्रीन ३० सेकंद गोठेल आणि माणसं तरीही तुम्हालाच फोन करतील.

हे सगळं करूनही तुटत राहिलं, तर गर्दीतच दिसणारे काही दुसरे रोग आहेत. डुप्लेक्सची विसंगती यात पहिली (एक टोक पाठवणं आणि घेणं एकाच वेळी करतं, म्हणजे फुल, आणि दुसरं आळीपाळीनं, म्हणजे हाफ), आणि आपल्याकडे मीडिया कन्व्हर्टरच्या जोडण्यांमध्ये ती अजून सापडते. प्रोव्हायडरच्या बाजूनं पोर्ट १०० फुल असा पक्का केलेला आणि तुमचा ऑटोवर असेल, तर तुमची बाजू वेग ओळखते पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही आणि नियमानुसार हाफवर जाते. हलक्या वापरात काही कळत नाही. लाइन भरली की तुमच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) आणि त्यांच्या बाजूला सीआरसी एरर (बिघडून आलेली पॅकेट) वाढत जातात. इंटरफेसचे काउंटर एकदा शून्य करा आणि तासाभरानं पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा रोग चलाख आहे. टनेलच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या वेळेप्रमाणे बदलतात तशा मालाप्रमाणेही बदलतात. सिस्को कंपनीच्या यंत्रांमध्ये पूर्वापार ठरलेली मर्यादा ३,६०० सेकंद किंवा ४६,०८,००० किलोबाइट, जे आधी होईल ते. हा आकडा म्हणजे तासभर सलग चाललेले १० एमबीपीएस. तुमच्या २० च्या भरलेल्या लाइनवर अर्ध्या तासात किल्ली बदलेल, १०० च्या लाइनवर साधारण सहा मिनिटांत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायरवॉल जोडल्या असतील आणि एकीला मालाची मर्यादा मान्य नसेल, तर प्रत्येक बदलाच्या वेळी टनेल अडखळतं आणि ते नेमकं गर्दीतच होतं. मालाची मर्यादा बंद करा, वेळेची ठेवा.

तिसरा रोग आपण लावलेल्या औषधातूनच होऊ शकतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आयपीसेक प्रत्येक पॅकेटला क्रमांक देतं आणि फार मागचा क्रमांक आला तर तो हल्ला समजून टाकून देतं. ही खिडकी अनेक ठिकाणी ६४ पॅकेटची असते. क्रमांक दिल्यावर तुम्ही रांगेत मागे-पुढे केलंत, तर मागे राहिलेली पॅकेट पलीकडे फेकली जातात. लॉगमध्ये रीप्ले चेक फेल्ड अशा ओळी दिसल्या तर खिडकी १,०२४ वर न्या.

फायरवॉलचा सीपीयू आणि सेशन टेबल (चालू जोडण्यांची यादी) हेही पाहा. छोट्या यंत्रात एन्क्रिप्शन हार्डवेअरमध्ये नसेल तर २० एमबीपीएससुद्धा त्याला दमवतात. एमटीयूबद्दल, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराबद्दल, थोडक्यात: मोठी फाइल अडकते आणि पिंग मात्र सुरळीत, असं दिवसभर, गर्दी असो वा नसो, होत असेल तर टनेलवर एमएसएस (टीसीपीच्या एका पॅकेटमधला कमाल डेटा) १,३६० करून पाहा. आणि सेशन नुसतं पडून असताना तुटत असेल, म्हणजे जेवून आल्यावर तुटलेलं दिसत असेल, तर तो नॅट टाइमआउटचा प्रकार आहे (पत्ते बदलणारं यंत्र बराच वेळ गप्प असलेली जोडणी विसरतं), त्याचा गर्दीशी संबंध नाही.

लाइन भरतं कोण, हेही शोधाच. शाखांमध्ये पहिला संशय सीसीटीव्हीवर घ्या: पुण्यात कोणीतरी सांगलीचे आठ कॅमेरे पूर्ण रिझोल्यूशनमध्ये स्क्रीनवर लावून ठेवलेले असतात. एनव्हीआरमधून (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधून) सबस्ट्रीम, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र, लावली की बराच भार उतरतो. मग येतात ड्राइव्हचे सिंक, ऑफिसच्या वायफायवर चाललेले मोबाइलचे बॅकअप आणि विंडोजचे अपडेट. हे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत निघतात, म्हणजे आपल्याकडे बुधवारी सकाळी सगळे पीसी एकदम उघडले की ते उतरायला लागतात. तुमच्या तुटण्याच्या तारखा कॅलेंडरवर मांडा. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांच्या, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २०, या तारखांभोवती ठिपके जमले, तर ती कामाची खरी गर्दी आहे. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी जमले, तर अपडेट रात्रीवर ढकला.

शेपर लावल्यावरही पहिल्या दोन वर्गांतलं कामच २० मध्ये मावत नाही असं १० सेकंदांच्या नोंदीवर दिसलं, तर लाइन जरूर वाढवा. त्या वेळी प्रोव्हायडरला दोन गोष्टी लेखी विचारा: वेग त्यांच्या टोकाला शेपरनं बांधला आहे की पोलिसरनं, आणि पोलिसर असेल तर बर्स्ट (मर्यादेपलीकडे क्षणभर जाऊ देण्याची सूट) किती मोकळा आहे. पोलिसर जास्तीचं पॅकेट रांगेत न ठेवता जागीच टाकतो, त्यामुळे त्याच्यापुढे तुमचा शेपर १८ ऐवजी १७ वर न्यावा लागू शकतो. नवीन लाइन चालू झाली की त्याच दिवशी दोन्ही फायरवॉलवरचा शेपरचा आकडा बदला. तो विसरला तर ५० चे पैसे भरून शाखा १८ वरच चालत राहते, आणि वर्षभर ते कोणाच्या लक्षात येत नाही.